भिंतीवरच्या पोपडे सुटलेल्या रंगासारखी देवनागरी अक्षरं कशी करायची?

तिसरी_घंटा
एकांकिकेचं पोस्टर करतेय, ए-३ साइज. नाटक चाळीत घडतं, म्हणून नाव भिंतीवर कधीकाळी ऑइलपेंटने रंगवल्यासारखं हवंय. फाँट यात्रा वन. जिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) ग्रंज ब्रशने, म्हणजे डागाळलेल्या ठशाच्या ब्रशने, अक्षरं खोडली, तर उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतायत. कसं करू?

ब्रशवाला
फाँट झकास निवडलात, मुंबई लोकलच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरूनच काढलाय तो. ग्रंज ब्रश मात्र आधी बंद करा. त्याचे डाग सगळीकडे सारखेच पडतात, भिंत तशी झिजत नाही. फ्लेक्स यायच्या आधी मी पाट्याच रंगवायचो. चाळीच्या भिंतीत ओल जोत्याकडून वर चढते, म्हणून खालची ओळ आधी सुटते. पत्र्याच्या पाटीला गंज खिळ्याच्या भोकाशी धरतो आणि ओघळ खाली येतात. तुमची भिंत आहे, तर वरची ओळ बरीचशी शाबूत ठेवा.

मग खऱ्या भिंतीचा फोटो काढा. ऊन भिंतीला घासून जाताना काढा, समोरून ऊन असलं की पोपड्यांना सावलीच पडत नाही. हा फोटो सगळ्यात खाली. त्याची कॉपी करून थ्रेशोल्ड लावा आणि ते काळं-पांढरं चित्र टेक्स्टच्या लेयर मास्कमध्ये पेस्ट करा. काळं असेल तिथलं अक्षर गेलं. खोडरबराला हात लावू नका. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की गेलेलं परत येतं.

नंतर मेनूत फिल्टर्स, मॅप, डिस्प्लेस. याने अक्षरं भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे सरकतात. नकाशा म्हणून त्याच फोटोची करडी, थोडी ब्लर केलेली कॉपी द्या. 128 च्या करड्यावर अक्षर हलत नाही, त्याहून गडद किंवा फिकट असेल तसं सरकतं. ए-३ म्हणजे 300 डीपीआयला 3508 × 4961 पिक्सेल, तेव्हा एक-दोन पिक्सेलने काही दिसणार नाही, सरकवण्याचा आकडा जरा सढळ हाताने द्या. शेवटी लेयर मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालच्या भिंतीचे गडद डाग अक्षरातून दिसतात. पण अक्षरं पांढरी असतील तर मल्टिप्लाय नको, दिसेनाशीच होतील.

अर्धा_विराम
फोटोशॉपवाल्यांनी मास्कचा खटाटोप करायची गरज नाही. लेयर स्टाइलमध्ये ब्लेंड इफ आहे. 'अंडरलाइंग लेयर'चा त्रिकोण ऑल्ट दाबून दुभागा, भिंतीचा पोत अक्षरातून अलगद वर येतो.

ब्रशवाला
येतो, पण तो सगळ्या ओळींवर सारखाच. वरची ओळ वाचवायची तर मास्क लागणारच.

तिसरी_घंटा
काका, जमलं! जिन्याखालच्या भिंतीचा फोटो वापरला. फक्त 'खोली नं.' मधला अनुस्वार थ्रेशोल्डने खाल्ला.

ब्रशवाला
मास्कवर तेवढ्याच जागी पांढरा ब्रश मारा, कडा थोडी खडबडीत राहू द्या. रफार असेल तर तोही तपासा, आणि पोस्टर लांबून वाचलं जाणार आहे हे धरून झूम कमी करून बघा. प्रेसला पीडीएफ द्या, पण लेयर असलेली जिंपची एक्ससीएफ फाइल जपून ठेवा. प्रयोगाची तारीख हमखास बदलते.