मॅनपेजचा सोर्स दुरुस्त करणं हे रिकामटेकड्यांचं काम नाही

रेघोटी

काल एका मेंटेनरची (प्रकल्प सांभाळून इतरांचे बदल तपासणाऱ्याची) पोस्ट वाचली. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मॅनपेजच्या (युनिक्स-लिनक्समधल्या कमांडच्या माहितीपानाच्या) सोर्समधल्या ओळीअखेरच्या स्पेस, हायफन, बोल्ड-इटॅलिक असले पॅच (छोट्या बदलांचे प्रस्ताव) पाठवू नका, पान आधी दिसायचं तसंच नंतरही दिसतं, गिट ब्लेमची (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली त्या नोंदीची) मात्र माती होते, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे.

"तसंच दिसतं" हे साफ चूक आहे. माझ्यावर गुदरलेलं सांगते. कामाच्या ठिकाणी आमचं एक घरचंच टूल होतं, त्याचं मॅनपेज. कुणीतरी एडिटरमध्ये परिच्छेदाच्या ओळी पुन्हा बसवल्या आणि एक ओळ नेमकी .बॅशआरसी या फाईलच्या नावानं सुरू झाली. ओळीच्या सुरुवातीचा ठिपका म्हणजे रॉफच्या (मॅनपेज ज्या भाषेत लिहितात तिच्या) लेखी हुकूम. त्या नावाचा मॅक्रो (मांडणीची आज्ञा) कुठेच नाही, म्हणून ग्रॉफनं (रॉफ वाचून पान छापणाऱ्या प्रोग्रामनं) अख्खी ओळ गिळली. चूं नाही की चां नाही, कारण इशारे मुद्दाम चालू केल्याशिवाय तो याबद्दल बोलत नाही. गिळलेली ओळ सांगत होती की ती फाईल शेवटी वाचली जाते आणि तिच्यातल्या किमती बाकी सगळ्यांवर मात करतात. मी दोन संध्याकाळी कॉन्फिग फाईल उलटीपालटी करत बसले. दुरुस्ती काय होती? ओळीच्या आधी \& ही दोन अक्षरं. ओळ एकेरी अवतरणचिन्हानं सुरू झाली तरी हेच होतं.

नेम विभागाचंही तेच. नाव, डॅश, वर्णन ही ठरलेली मांडणी मोडली की व्हॉटइज आणि अप्रोपो या शोधणाऱ्या कमांडना ते पान सापडत नाही. पान डिस्कवर आहे आणि शोधणाऱ्यासाठी नाही. याला "दिसणं" म्हणायचं का?

जुनाखांब

ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाहीत, पण मीच उत्तर देतो.

तुमची ठिपक्याची चूक खरी आहे. तो बग आहे, त्याचा पॅच मी त्याच दिवशी घेईन. माझा राग त्याच्यावर नव्हता. माझ्याकडे एका आठवड्यात चाळीसच्या वर पॅच आले. प्रत्येकात एका पानाच्या ओळीअखेरच्या स्पेस काढलेल्या. पाठवणाऱ्यानं एकही पान वाचलेलं नव्हतं, मॅनडॉकचा लिंट (मॅनपेजमधल्या चुका दाखवणारा तपासनीस) चालवला आणि तो जे बोलला ते पुसलं. मला मात्र चाळीसही वाचावे लागले, कारण सही माझी जाते.

आणि दुरुस्ती म्हणून नवी चूक घुसवतात ती वेगळीच. आधी ओळीतच फॉन्ट बदलून ऑप्शन (हायफननं सुरू होणारा कमांडचा पर्याय) ठळक केला होता आणि त्याला चिकटून स्वल्पविराम होता. पॅचनं ऑप्शन बी या ठळक करणाऱ्या मॅक्रोवर नेला आणि स्वल्पविराम पुढच्या ओळीवर टाकला. छापताना ऑप्शन, मोकळी जागा, मग स्वल्पविराम. तिथे बीआर हवा, म्हणजे ठळक आणि साधं एकमेकांना चिकटून येतं. आधीचं पान बरोबर होतं, "सुधारलेलं" पान बिघडलं. असे अकरा ठिकाणी.

वर निम्मी पानं जनरेट केलेली. पहिल्याच ओळीत लिहिलंय की ही फाईल हेल्पटूमॅन या प्रोग्रामनं तयार केली आहे, हात लावू नका. तरी हात लावतात. पुढच्या बिल्डला (पानं नव्यानं तयार होताना) सगळं पुसलं जातं आणि मग मलाच विचारतात, माझा पॅच कुठे गेला.

कोरीपाटी

जुनाखांब, माझा आयुष्यातला पहिला पॅच स्पेस काढण्याचाच होता. तुमच्या प्रकल्पात नव्हे, दुसरीकडे. उत्तर एका ओळीचं आलं: "आम्हाला कामं आहेत." त्यानंतर दीड वर्ष मी कुठेच काही पाठवलं नाही. सी येत नव्हतं, रॉफ येत नव्हतं, पण पान वाचता येत होतं. नव्या माणसानं सुरुवात कुठून करायची?

जुनाखांब

वाचता येत होतं ना? मग वाचून पाठवा. पानात जो ऑप्शन आता अस्तित्वातच नाही तो शोधा. एक्झिट स्टेटस (कमांड संपताना देते तो आकडा) चुकीचा लिहिलाय तो शोधा. तशा पॅचला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

पण त्या एका ओळीच्या उत्तराबद्दल... तसं कुणालाच लिहू नये. मीही दोनदा लिहिलंय.

रात्रपाळी

थोडं अवांतर, पण हायफनचं राहून जातंय आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

जुलै २०२३ मध्ये ग्रॉफ १.२३.० आला. त्यात यूटीएफ-८ टर्मिनलवर मॅनपेजमधलं साधं - हे चिन्ह आस्कीतलं (कीबोर्डवरचं) न राहता युनिकोडचा खरा हायफन म्हणून छापलं जाऊ लागलं. आस्कीतलं हवं असेल तर सोर्समध्ये \- लिहायचं. आमच्या सर्व्हरवर अपग्रेड झालं आणि पहाटे तीनला मी मॅनपेजमधून कमांड कॉपी करून चिकटवली. टूल म्हणालं, अशी फाईल नाही. डोळ्यांना दोन्ही आडव्या रेघा सारख्याच दिसतात. पानात ऑप्शन शोधायला गेलो तर शोधही रिकामा, कारण मी टाइप करतो ते चिन्ह पानात नव्हतंच. बॅकअप अडकलेला, मी एकटा, आणि दोष एका रेघेचा.

आता कुणी मला सांगावं की हायफन दुरुस्त करणारा रिकामटेकडा आहे.

जुनाखांब

दोष सोर्सचा नव्हता, ग्रॉफचा होता. कित्येक वर्षं लोक साधं - लिहीत आले आणि ते चालत आलं. एका रिलीझनं नियम कडक केला आणि जगभरची पानं एका रात्रीत "चुकीची" ठरली. डेबियननं (लिनक्सच्या एका वितरणानं) योग्य केलं: आपल्या मॅन.लोकल या सेटिंगच्या फाईलमध्ये हायफनचं रूपांतर जुन्यासारखं करून ठेवलं. वाचणाऱ्याला चालणारी कमांड हवी असते, त्याला टंकजुळणीशी काय घेणं?

रेघोटी

"नियम कडक केला" हे चूक आहे. हायफन (-) आणि वजाचिन्ह (\-) वेगळी ठेवणं ट्रॉफमध्ये (ग्रॉफच्या पूर्वजात) १९७० च्या दशकापासून आहे. कागदावर छापताना दोन्हींची लांबी वेगळी असायची. टर्मिनलवर आस्कीत एकच चिन्ह होतं म्हणून चूक झाकली गेली. झाकलेली चूक म्हणजे बरोबर लिहिलेलं नव्हे.

आणि फक्त कॉपी-पेस्टचा प्रश्न नाही. साध्या हायफनवर ग्रॉफ ओळ तोडू शकतो. ड्राय-रनसारखा लांब ऑप्शन ओळीच्या टोकाला आला की "ड्राय-" वरच्या ओळीत आणि "रन" खालच्या. \- वर तो तोडत नाही. म्हणजे डेबियनमध्ये काय होतं ते सोडून द्या, नीट लिहिलेला सोर्स कुठेही नीटच छापतो.

जुनाखांब

आणि त्याच तत्त्वाच्या नावाखाली एकानं संपूर्ण पानावर सेड (एकगठ्ठा शोधून बदलणारा प्रोग्राम) फिरवला. प्रत्येक - चा \- झाला. "रीड-ओन्ली"मध्ये वजाचिन्ह, दोन शब्द जोडणाऱ्या प्रत्येक साध्या हायफनच्या जागी वजाचिन्ह. आता हे शंभर ठिकाणी उलटं कोण करणार? ऑप्शनचा हायफन कोणता आणि शब्दाचा कोणता हे यंत्राला कळत नाही, माणसानं ओळ वाचावी लागते. मी कालपासून तेच सांगतोय.

रात्रपाळी

मग तेच लिहायचं होतं ना! "वाचून पाठवा" असं लिहायचं होतं. "पाठवू नका" आणि "रिकामटेकडे" का लिहिलंत? त्या पहाटे माझ्या हाताशी जे पान होतं ते तुमच्यासारख्याच कुणीतरी "दिसतं तसंच" म्हणून सोडून दिलेलं होतं.

जुनाखांब

आवाज चढवू नका. मी पंधरा वर्षं ही पानं फुकट सांभाळतोय.

रात्रपाळी

आणि मी ती पंधरा वर्षं वाचतोय. वाचणाऱ्यालाही बोलायचा हक्क आहे.

दुभाष्या

तुमचं हायफनपुराण चालू असताना एकाही माणसाला भाषांतर आठवलं नाही. दरवेळी हेच होतं.

आम्ही पीओ४ए हा भाषांतराचा प्रोग्राम वापरतो. तो मूळ पानाचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यासमोर भाषांतर ठेवतो. मूळ तुकड्यात बोल्डचं इटॅलिक केलंत किंवा - चं \- केलंत, की त्याच्या लेखी तो तुकडा बदलला. भाषांतर "फझी" (पुन्हा तपासायचं) ठरतं आणि वापरलं जात नाही, तिथे मूळ इंग्रजी परिच्छेद येतो. फझींची संख्या वाढून भाषांतर ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं, तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते पान तयारच होत नाही. एक शब्दही न बदलता माझं एक पान असंच गायब झालं. तीनशेच्या वर तुकडे पुन्हा एकेक करून तपासले, प्रत्येकात फक्त एक बॅकस्लॅश वाढलेला. तीन रविवार गेले. कुणी आधी सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही.

रेघोटी, तुमचं म्हणणं मला पटतं. सोर्स नीट असावा. पण "कुणाचं नुकसान नाही" हे दोन्ही बाजू गृहीत धरताहेत आणि ते खोटं आहे.

रेघोटी

हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी स्वतः दोन प्रकल्पांना असे पॅच पाठवलेत आणि भाषांतर करणाऱ्यांना कळवण्याचा विचारही मनात आला नाही. चुकलं.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा, हा सल्ला युनिक्सवर काम केलेल्या ब्रायन कर्निघन यांनी १९७४ मध्येच दिला होता, कारण मजकुरात पुढे बदल करणं सोपं जातं. आज मॅनडॉकचा लिंट तेच सांगतो. एका ओळीत तीन वाक्यं कोंबली असतील तर एक शब्द बदलला तरी डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी ओळ लाल होते आणि काय बदललं ते डोळ्यांनी शोधावं लागतं. म्हणजे ज्या गिट ब्लेमसाठी जुनाखांब रडतायत, तो याच शिस्तीनं वाचतो.

जुनाखांब

"रडतायत" हा शब्द मागे घ्या.

वाक्याला एक ओळ हे मान्य. माझी नवी पानं मी तशीच लिहितो. पण जुन्या पानाच्या सगळ्या ओळी एकदम तोडल्या की ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर तोडणाऱ्याचं नाव येतं, मूळ लिहिणारा पुसला जातो. ज्या परिच्छेदाला काही कारणानं हात लावाल, तेवढाच तोडा.

रेघोटी

शब्द मागे घेतला. परिच्छेदापुरतं तोडणंही मान्य. हायफनचं काय?

जुनाखांब

ऑप्शनमधले, फाईलच्या नावातले आणि उदाहरणातल्या कमांडमधले हायफन घेईन. वाक्यातल्या शब्दांचे नाही. एका पानाला एक पॅच, आधी आणि नंतर छापलेल्या पानाचा डिफ सोबत. जिथे मजकूर छापतानाच गायब होतोय तो पॅच सगळ्यांत आधी, स्वतंत्र. नुसत्या स्पेसवाल्याला मी अजूनही नाहीच म्हणणार, त्यावर चर्चा नको. "रिकामटेकडे" पोस्टमधून काढतो. रात्रपाळींची पहाट वाचल्यावर तो शब्द मलाच टोचला, पण ग्रॉफबद्दलचं मत बदललेलं नाही.

रात्रपाळी

बदलू नका. पॅच घ्या.

कोरीपाटी

मग मी एक पान घेते. आर्काइव्हच्या टूलचं, त्यात उदाहरणं बरीच आहेत. हायफन हातानं, एकेक ओळ वाचून. दोन्ही छापलेल्या पानांचा डिफ कसा काढायचा ते कुणी दाखवेल का?

रेघोटी

मी दाखवते. दोन्ही आवृत्त्या ग्रॉफमधून काढून दोन टेक्स्ट फाईलींत टाकायच्या आणि त्यांचा डिफ. इशारे सगळे चालू ठेव, म्हणजे ठिपक्यानं गिळलेली ओळही तिथेच सापडेल.

दुभाष्या

आणि पॅच लागायच्या आधी मला कळवा. एका वेळी एक पान आलं तर त्याच आठवड्यात तुकडे तपासून देतो. वीस एकदम आली तर माझ्याकडून काही होणार नाही.