मदत हवी आहे: पिंग चोख, पण फाइल निघाली की इंडस्ट्रियल पीसीचं नेटवर्क रांगतं

मंडळी,
चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. प्रेसच्या पॅनेलमध्ये डिन रेलवर बिनपंख्याचा एम्बेडेड पीसी आहे, डेबियन लिनक्सवर. तो पीएलसीकडून (मशीन चालवणारा कंट्रोलर) मॉडबस टीसीपी या प्रोटोकॉलनं (पोर्ट 502) रीडिंग घेतो आणि शिफ्ट सुटली की सीएसव्ही फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर टाकतो. जुना पीसी जळाला म्हणून हा नवा बसवला. स्विचचं पोर्ट तेच.

रीडिंग एरवी व्यवस्थित येतात. पिंग कितीही वेळ चालू ठेवा, एक पॅकेट पडत नाही. पण फाइल निघाली की सगळं रांगायला लागतं, मधेच कनेक्शन तुटतं.

पहिला संशय अर्थात व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या विद्युत गोंगाटावर. आमच्याकडे काहीही बिघडलं की आरोपी तोच. मोटरची केबल त्याच ट्रेमधून जाते हे खरं, पण साप्ताहिक सुट्टीला सगळे ड्राइव्ह बंद असतानाही तेच. नेटवर्कची केबल नवी ओढली, तरी तेच.

ईथटूल (लिंकची स्थिती दाखवणारी आणि बदलणारी कमांड) म्हणतं: स्पीड 100, ड्युप्लेक्स हाफ, म्हणजे एका वेळी एकाच बाजूनं पाठवायचं; फुलमध्ये दोन्हीकडून एकदम. फाइल जाताना लेट कोलिजनचा (पाठवणं बरंच पुढे गेल्यावर झालेली टक्कर) आकडा भराभर चढतो. स्विच मशीनवाल्यांचा, पासवर्ड त्यांच्याकडे, मशीन वॉरंटीत. फोन केला की 'आमच्याकडून ओके आहे'. इलेक्ट्रिशियन म्हणतो, मध्ये साधा पाच पोर्टचा स्विच टाका. उपयोग होईल?

प्रतिसाद १
स्विचचं पोर्ट कुणीतरी 100 फुलवर फिक्स केलंय, पैज लावतो. असं पोर्ट बहुतेक वेळा ऑटोनिगोशिएशन, म्हणजे समोरच्याशी वेग आणि ड्युप्लेक्स आपोआप ठरवणं, करतच नाही. तुमच्या पीसीला सिग्नलवरून वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. स्विच समोरचं न बघता पाठवत राहतो आणि पीसीला ती टक्कर वाटते. पिंग छोटा आणि एकेकटा, म्हणून निभावतो. साधा स्विच टाकू नका, तोही हाफच धरेल.

प्रतिसाद २
खात्री करून घ्या. ईथटूलनं तात्पुरतं ऑटोनेग ऑफ, स्पीड 100, ड्युप्लेक्स फुल करा आणि फाइल पाठवा. पण पॅनेलपाशी उभं राहून. घरून केलंत आणि लिंक गेली, तर रात्री कारखाना गाठावा लागेल.

धागाकर्ता
केलं साहेब, फाइल झटक्यात गेली! लेट कोलिजन जागच्या जागी थांबले. पण रीबूट केला की पुन्हा हाफ. कायमचं कुठे लिहायचं?

प्रतिसाद २
सिस्टिमडीच्या (डेबियनमधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) नेटवर्क फोल्डरमध्ये डॉट-लिंक फाइल करा, नाव 10 नं सुरू होणारं. मॅक अ‍ॅड्रेसनं (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) मॅच, ऑटोनिगोशिएशन नो, स्पीड 100एम, ड्युप्लेक्स फुल. जुळणारी पहिलीच फाइल लागू होते, म्हणून 99 वाल्या डिफॉल्ट फाइलमधली नेमपॉलिसीची (पोर्टला नाव कसं द्यायचं याची) ओळही त्यात उतरवा. नाहीतर पोर्टचं नाव बदलेल आणि आयपीच बसणार नाही. आणि पॅनेलच्या दारावर आतून चिठ्ठी चिकटवा: 'पोर्ट 100 फुल फिक्स'. उद्या मशीनवाल्यांनी ऑटोवर असलेला स्विच बसवला, तर हाच आजार पलीकडून सुरू होईल.