जाळ्याची भरपाई द्यायलाच हवी

भूतदया असेल तर कोळी जाळ्यात अडकलेलं कासव आपोआप सोडतील, त्यासाठी सरकारने पैसे कशाला वाटायचे, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही बुवा. भूतदया कुणाच्या खिशातनं चाललीय ते पण बघा ना.

2018 पासून राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाची योजना आहे, जाळ्यात कासव, व्हेल शार्क असलं संरक्षित काही अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई, पुरावा म्हणून फोटो लागतात. आता वर्सोव्याचा बोटवाला घ्या, डिझेल बर्फाचा खर्च आधीच झालेला, जाळ्यात टेम्पोएवढा व्हेल शार्क धडपडतोय, तिथे गाठी सोडवत बसायला वेळ नसतो, सुरी घेऊन सरळ कापायचं, म्हणजे जाळं गेलं आणि त्यातली मासळीपण गेली. एवढं नुकसान त्याने एकट्याने का सोसायचं?

आणि पैसा नाहीच असंही नाही हो. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरनं केवढा राडा झाला, कबुतरांना गरज नसताना पोत्यांनी दाणे घालणारे दानशूर याच शहरात आहेत.

मला खटकतं ते वेगळंच. अशा भरपाईला कॅम्पाचा, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायला जमा होणाऱ्या सरकारी निधीचा, पैसा वापरायचा म्हटलं तर तो मुळात जंगल तोडायच्या परवानगीतनं येतो, म्हणजे जितकी तोड जास्त तितका फंड मोठा. तो घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण कुठे किती खर्च झाला ते वॉर्डातल्या माणसाला वाचता येईल असं मराठीत टाका की.