अनुभव धागा: गावातलं मोफत इंटरनेट आणि संगणकाची शिकवणी

सगळ्यांसाठी खुला संगणक गावातच ठेवायचा, ही कल्पना तशी जुनी. स्वीडनमधल्या वेमडालेन गावात असं केंद्र १९८५ साली निघालं, वर्ल्ड वाइड वेब यायच्याही आधी. पुढे देशोदेशी निघाली, बरीच बंदही पडली. तिथे शिकवलेल्यांनी, शिकलेल्यांनी लिहा. उद्घाटनाचे फोटो नकोत, फीत कापल्यानंतर काय झालं ते हवंय.

केंद्र सांभाळणारी ताई

'संगणक शिका' अशी पाटी होती तोवर फक्त पोरं यायची, तीही गेम खेळायला. मग 'पेन्शन, शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरायला शिका' असं लिहिलं आणि मोठी माणसं येऊ लागली. माउस टेबलाच्या कडेला पोचला की त्यांचा हात तिथेच अडतो. तो उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, हे आपण सांगतच नाही! डबल क्लिक करतानाही हात हलतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याचा वेग कमी करून ठेवला. 'तूच भर ना गं' म्हटलं तरी कीबोर्ड त्यांच्याचपुढे. मागची रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

वायरी बघणारा

लाइन एक आणि फोन ढीगभर. एकाने व्हिडिओ लावला की बाकीच्यांचे अर्ज अडकलेच. राउटरमध्ये प्रत्येकाला वेगाची मर्यादा घाला. किविक्स आणि कोलिब्री ही इंटरनेटशिवाय चालणारी सॉफ्टवेअरं. किविक्सवर विकिपीडिया आणि कोलिब्रीवर धडे आधीच उतरवून ठेवले, तर लाइन गेली तरी वर्ग चालतो. जाड भिंती असतील तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडच्या नादी लागू नका, २.४ बरा, तो भिंतींतून जास्त पोचतो. बाकी, संगणक देणगीत मिळतात हो, यूपीएसची बॅटरी बदलायला पैसे कोण देतं?

साठीतला विद्यार्थी

आमच्या वर्गात वायफाय फर्स्टक्लास, पण फोनला रेंज नाही. ओटीपी यायचा बाहेर ओट्यावर. तो घेऊन आत येईस्तोवर मुदत संपलेली. शेवटी नातवाला बाहेर उभा केला. तो आकडे ओरडायचा, मी टाइप करायचो. गुप्तता वगैरे अख्ख्या आळीने राखली!

केंद्र सांभाळणारी ताई

काका, असं नका करू हो! आणि उठताना लॉगआउट करता ना? आमच्याकडे डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती पडलेल्या असायच्या. आता ब्राउझर गेस्ट मोडमध्येच उघडतो, म्हणजे तो बंद केला की कुणाचं लॉगिन मागे राहत नाही, आणि संध्याकाळी तो फोल्डर रिकामा करणं हे कुलूप लावण्याआधीचं काम.

एक वाचक

आता सगळं फोनवर होतं. केंद्रं कशाला हवीत?

शिकून गेलेली

दादा, फोनवर बायोडेटा लिहून, त्याची पीडीएफ करून, दोन एमबीच्या आत बसवून दाखवा, मग बोलू. आमच्या केंद्रात मुलगे खुर्ची सोडायचे नाहीत. दुपारचे दोन तास फक्त बायकांसाठी ठेवले, तेव्हा कुठे आई यायला लागली. बचत गटाचा हिशेब ती आता एक्सेलमध्ये ठेवते आणि बेरजेचं सूत्र चुकलं की मलाच फोन करून झापते, 'नीट शिकवलं नाहीस' म्हणून.