जे नाहीये त्याचा फोटो कसा काढायचा? सिरीजसाठी मदत हवीय

कंदीलवाली
नमस्कार मंडळी. आमच्या कॅमेरा क्लबची यंदाची थीम आहे ‘जे नाही ते’. पाच फोटोंची सिरीज, प्रिंट १२ बाय १८, प्रत्येक फोटोखाली फार तर एक ओळ. ऐकायला एकदम भारी वाटतं पण कॅमेरा हातात घेतला की डोकं बंद. रिकामी खुर्ची काढून झाली, दाराशी चपला झाल्या, झोपाळा झाला, पुस्तकावर ठेवलेला चष्मा झाला आणि सगळे असे आलेत की कुठल्याही विमा कंपनीच्या जाहिरातीत खपून जातील.

खरं तर विषय घरातच आहे. माझा मोठा मामा लालबागला गिरणीत बदली कामगार होता, ८२ च्या संपात सगळं बसलं तेव्हा गावी जाऊन येतो म्हणून निघाला, तो गावीही पोचला नाही आणि परतही आला नाही. आजी अजून त्याच चाळीत आहे. पण यात दाखवायचं काय? गिरणीच्या चिमण्या नकोत, त्या सगळ्यांच्या काढून झाल्यात. कोणी असं काही केलंय का किंवा कोणाचं काम बघितलंय का?

फिक्सफोकस
टेक्निकल माणूस आहे, तेवढंच सांगतो. माणसं गायब करायची तर दोन रस्ते. एक, दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड हजारेक पट कमी करणारी काळी काच) लावायचा, म्हणजे १/३० सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं आणि चालती माणसं पुसली जातात. दुसरा, ट्रायपॉडवर पाच-दहा सेकंदांच्या अंतराने वीसेक फ्रेम घ्यायच्या आणि सॉफ्टवेअरमध्ये मीडियन स्टॅक करायचा, जे निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये एका जागी नाही ते उडतं.

गंमत म्हणजे हे फोटोग्राफीच्या जन्मापासून चालू आहे. १८३८ मध्ये दागेरने, म्हणजे फोटोग्राफीच्या जनकांपैकी एकाने, पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला, एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे वाहता रस्ता ओसाड दिसतो. फक्त खाली डावीकडे एक जण बूट पॉलिश करून घेत उभा होता तो उमटला, आणि फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचंच नाव घेतात, म्हणजे नाव कोणालाच माहीत नाही ही गोष्ट वेगळी. दादरच्या फुलबाजारात करून बघा, गिऱ्हाईक सगळं गायब होतं आणि पाटीसमोर बसलेल्या बायका तेवढ्या उरतात.

तळ्यात_मळ्यात
फिक्सफोकस, माहिती मस्त, पण हिला मामाला गायब नाही करायचंय हो, तो आधीच गायब आहे.

कंदीलवाली, गुस्तावो हेर्मानो या अर्जेंटिनाच्या फोटोग्राफरची ‘आउसेन्सियास’ (म्हणजे नसणं) नावाची सिरीज बघ. तिकडे १९७६ ते ८३ लष्करी राजवट होती, लोकांना उचलून न्यायचे आणि पुढे पत्ताच नाही. मानवी हक्कवाले ३०,००० आकडा सांगतात. याचा स्वतःचा भाऊ एदुआर्दो ७६ च्या डिसेंबरात गेला, अठरा वर्षांचा होता. तर तीस वर्षांनी, २००६ च्या सुमारास, याने काय केलं, अशा घरांतले जुने साधे फोटो घेतले, कुठे सहल कुठे जेवणाचं टेबल, आणि उरलेल्या माणसांना परत त्याच पोझमध्ये उभं करून नवा फोटो काढला. गेलेल्याची जागा तशीच मोकळी. शेजारी शेजारी दोन फोटो, वर्ष आणि नावं, बस. एकात दोन भाऊ उतारावरून धावत येतायत, दुसऱ्यात एकच म्हातारा होत आलेला माणूस धावतोय. स्वतःच्या घराचाही आहे, १९६९ ला चार भाऊ, २००६ ला तीन.

आता हे का लागतं ते बघ. नुसता दुसरा फोटो दाखवला तर एक माणूस पळतोय एवढंच दिसतं. पहिला बघितल्यावर आपलं डोकंच दुसऱ्यात भोक पाडतं. तुझी रिकामी खुर्ची म्हणूनच फसते, तिच्यावर कोण बसायचं ते बघणाऱ्याला माहीत नाही, मग त्याला खुर्ची दिसते. तेव्हा माझं मत, आधी काय होतं ते दाखव, मग काय नाही ते आपोआप दिसेल.

जुन्या फोटोच्या जागेवरून परत फोटो घ्यायचा असेल तर लेन्स किती एमएम यात अडकू नकोस. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू धर, समजा कठड्याचा खांब आणि मागची खिडकी, आणि त्या दोघींचं एकमेकींशी तसंच जुळेपर्यंत पुढंमागं, डावीउजवीकडे सरकत रहा. मग कॅमेऱ्याची उंची. झूम सगळ्यात शेवटी. आणि सावल्या बघून दिवसाची वेळ काढ.

बोस्टनकर_काकू
वरच्या मुद्द्याला माझी पुस्ती. इथे इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम आहे, १९९० च्या मार्चमध्ये तिथून १३ वस्तू चोरीला गेल्या, रेम्ब्रांट, व्हर्मियर यांची चित्रंसुद्धा, अजून सापडलेल्या नाहीत. पण रिकाम्या फ्रेमा भिंतीवर तशाच आहेत आणि आतून भिंतीचं हिरवं कापड दिसतं. आमच्याकडे कोणी पाहुणे आले की मी नेतेच, आणि गंमत सांगू का, लोक शाबूत चित्रांपुढून भराभर पुढे जातात आणि त्या रिकाम्या चौकटीचे फोटो काढत उभे राहतात. चौकट काढून टाकली असती तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

गुळपोळी
त्यासाठी बोस्टन कशाला, मुंबईत काळा घोडा आहे की. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत उभा आहे, आणि नाक्याचं नाव मात्र तसंच राहिलं, पन्नासेक वर्षं घोड्याशिवाय काळा घोडा. मग २०१७ मध्ये नवीन घोडा बसवला तो बिनस्वाराचा. राजा नको, घोडा चालेल!! सिरीजमध्ये एक घालून टाक.

भिगवण_रिटर्न
मला ती दोन दोन फोटो शेजारी लावायची आयडिया आता जरा जास्तच झालीय असं वाटतं, अर्जेंटिनावाल्याचं ठीक, त्याच्या घरातलंच माणूस गेलं होतं, पण हल्ली जो तो जुन्या मुंबईचा फोटो हातात धरून त्याच जागेवर सेल्फी काढतो. आणि गुळपोळी, मामाच्या सिरीजमध्ये घोडा? उगाच सरमिसळ होईल.

दुसरं उदाहरण देतो. उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात अर्धं पुणं फ्लेमिंगो काढायला येतं, भिगवणला. बोटीत लाखालाखाच्या लेन्स. त्या पाण्याखाली गावं आहेत हे बोटीतल्या किती जणांना ठाऊक असतं देव जाणे. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग पेपरात फोटो छापून येतात, तेव्हा तेवढ्यापुरतं सगळ्यांना आठवतं. मला विचाराल तर देऊळ वर आलेलं असताना काढलेल्या फोटोपेक्षा भरलेल्या धरणाचा फ्लेमिंगोसकटचा फोटो आणि खाली एका ओळीत गावाचं नाव, हा जास्त ‘जे नाही ते’ आहे. फोटोला एक ओळ दिलीय ना क्लबने, ती वापरा. ओळ हा फोटोचाच भाग समजा, खाली चिकटवलेलं लेबल नाही.

कंदीलवाली
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. काकू, फ्रेमांचे फोटो शोधून बघितले, भारी आहेत.

अडचण अशी की मामाचा फोटोच एक आहे, स्टुडिओतला, मागे पडद्यावर रंगवलेला बंगला आणि याचा हात कुंडीवर. त्यात दुसरं कोणी नाही त्यामुळे परत उभं करायला कोण? तो आजीच्या खोलीत आजोबा, पणजोबा आणि मोठी आत्या यांच्या ओळीतच लावलाय. बाकीच्यांना हार आहेत, ते चंदनाच्या सालींचे असतात तसले, याला नाही. दर दसऱ्याला बाकीचे हार बदलतात आणि याचा फोटो नुसता पुसून परत लावतात, त्यामुळे नवीन सून आली की हमखास विचारते हे कोण. पण ते तर घरचंच झालं, त्यात काय फोटो.

तळ्यात_मळ्यात
अगं बाई, त्यात काय फोटो म्हणजे?? चार फ्रेमा, तिघांना हार, एकाला नाही. दोन फोटो शेजारी लावायची गरजच नाही, बाकीचे तीन फोटोच सांगतायत काय राहिलंय ते. कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला खाली काही न लिहिता कळेल.

फक्त जवळ जाऊ नकोस. मामाच्या चेहऱ्याचा क्लोजअप अजिबात नको, पूर्ण ओळ घे, वरचा वायरचा लोंबकळता गुंता, कॅलेंडर, देव्हाऱ्याचा कोपरा जे असेल ते येऊ दे. कॅमेरा समोरासमोर धर.

फिक्सफोकस
समोरासमोर धरलात तर काचेत तुम्ही स्वतः दिसाल, आणि पोलरायझरचा (काचेवरची चकाकी मारणारा फिल्टर) तिरक्या कोनातून उपयोग होतो, सरळ समोरून जवळपास नाहीच. त्यापेक्षा मागे काळं कापड धरायला कोणाला तरी उभं करा, कापडाला लेन्सपुरतं भोक. ट्यूबलाईट बंद, खिडकीचा बाजूने येणारा उजेड पुरे. फ्लॅश नको, चारही काचा चमकतील.

सही_रे_सही
मध्येच बोलते, वकिलीत आहे म्हणून. सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी त्यांना माणसाची काहीच खबर नसली तर तो हयात नाही असं कोर्ट धरून चालू शकतं, पुरावा कायद्यात १०८ कलम होतं त्याचं. म्हणजे कागदावर या मामांचा निकाल कधीच लावता आला असता. घरच्यांनी लावला नाही. तेव्हा तो हार नसणं ही विसरलेली गोष्ट नाही, तुमच्या आजींनी दर दसऱ्याला नव्याने घेतलेला निर्णय आहे, आणि तो तुम्ही हॉलमध्ये टांगणार आहात. त्यांना नीट विचारा, नुसतं आजी फोटो काढू का असं नको, कुठे लागणार, कोण बघणार तेही सांगा. आणि जुनं रेशनकार्ड, गिरणीचा पास, नाव असलेलं काहीही असेल तर बाकीच्या फोटोंसाठी ते बघा, नुसत्या आजींच्या डोळ्यातल्या पाण्यावर सिरीज उभी करू नका प्लीज.

भिगवण_रिटर्न
सही_रे_सहीला प्लस वन. आणि माझा एक ओळीचा मुद्दा या फोटोपुरता मागे. इथे ओळ नको, मोकळी सोडा.

कंदीलवाली
आजीला विचारलं, सगळं सांगून. म्हणाली काढ, पण माझा नको, आणि चाळीतल्या कोणाला प्रदर्शनाला बोलवायचं नाही. रेशनकार्ड जुनं ट्रंकेत आहे म्हणे, मामाचं नाव आहे त्यावर, तिने कधी कमी करू दिलं नाही. मावशी मात्र चिडलीय, म्हणते घरातलं बाहेर कशाला, तिच्याशी रविवारी बोलणार आहे, ती नाही म्हणाली तर रेशनकार्ड वगळेन कारण त्यावर तिचंही नाव आहे. फिक्सफोकस, काळं कापड म्हणून छत्रीचं चालेल का? आणि प्रिंट मॅट की ग्लॉसी?

फिक्सफोकस
छत्रीचं चमकतं, कॉटनचं घ्या. प्रिंट मॅट.