मदत हवी आहे : दोन टनाची पिकअप घ्यायची, पण खरं पासिंग किती?

मंडळी, नमस्कार. कडोलीहून कोबी, बटाटा आणि सीझनला रताळी चोर्ला घाटातून गोव्याला पाठवायची आहेत. भाड्याच्या गाड्यांना कंटाळलोय, स्वतःचीच घ्यावी म्हणतो. टाटा योद्धा २.० की बोलेरो मॅक्स एचडी २.०, यात अडकलोय. जाहिरातीत दोन्ही दोन टनवाल्या.

पण माझ्या माहितीप्रमाणे आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की राहतं तेवढंच पासिंग, म्हणजे कायद्याने भरता येणारा माल. मग वरून जाळीचा पिंजरा, ताडपत्रीचे पाइप, जाड पत्रा ठोकला की ते वजनही त्यातूनच जाणार ना? शोरूमवाला म्हणतो, "काही होत नाही, अडीच टन आरामात ओढते." ओढेल हो, पण घाट उतरताना ब्रेकचं काय? आणि ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू, वर जास्तीच्या दर टनाला २ हजार. तो काय शोरूमवाला भरणार?

बेळगाव-खानापूरकडे यातली कुठली गाडी कुणी वापरत असेल तर बॉडी बांधल्यावर वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन किती भरलं ते सांगा. डिझेल टाकी फुल होती का तेही लिहा. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घाटात कसे वाटतात? ॲव्हरेज नाही सांगितलं तरी चालेल, ते प्रत्येकाचं वेगळंच असतं.