मदत हवी आहे: निग्रोसिनच्या स्लाइडवरचे पांढरे ठिपके जिवाणूच आहेत का?

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी प्रॅक्टिकल आहे आणि निगेटिव्ह स्टेनिंग (निग्रोसिन या काळ्या रंगाने जिवाणूंऐवजी त्यांच्या मागची पार्श्वभूमी रंगवणं) काही केल्या जमत नाहीये.

दातांवरचं कीटण टूथपिकने खरवडून निग्रोसिनच्या थेंबात कालवलं, दुसऱ्या स्लाइडने पसरवलं, वाळल्यावर बर्नरवरून तीनदा फिरवलं आणि ऑइल इमर्शनखाली (तेलाच्या थेंबातून पाहायच्या भिंगाखाली) पाहिलं. एका टोकाला काळाकुट्ट थर, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसा तडकलेला. मधे पांढरे ठिपके आहेत, पण काही वेडेवाकडे आणि काही इतके मोठे की त्यांना जिवाणू म्हणायला मन धजत नाही. जर्नलमध्ये चित्र काढायला घेतलं आणि हात थांबला.

दुसरी शंका. निग्रोसिन आम्लधर्मी रंग, त्याचा रंगीत भाग ऋणभारित. जिवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, म्हणून रंग आत शिरत नाही. इथवर पटतं. पण इओसिन हा गुलाबी रंगही आम्लधर्मीच, तरी ऊतींच्या स्लाइडवर पेशीद्रव्य गुलाबी कसं होतं? व्हायवात हेच विचारतील अशी धाकधूक आहे.

प्रतिसाद १:
आधी बर्नर बंद करा. ग्रॅम स्टेनिंगमध्ये स्लाइड गरम करतात, त्या सवयीने हात तिकडे जातोच, पण गरम केलं की पेशी आक्रसतात, आणि पेशीचा खरा आकार पाहायलाच तर आपण ही पद्धत वापरतो. नुसतं हवेत वाळवा. जिवाणू मेलेले नसतात हे मात्र विसरू नका. काम झालं की स्लाइड जंतुनाशकात टाका.

तडे जातात कारण थेंब मोठा आहे. अगदी लहान थेंब घ्या, दुसरी स्लाइड साधारण ३० अंशांत तिरकी टेकवा, थेंब तिच्या कडेने पसरला की एका दमात पुढे ढकला. स्लाइड आधी स्पिरिटने पुसा, तेलकट जागी रंग धरत नाही. आणि कीटण न घालता नुसत्या निग्रोसिनची एक स्लाइड करा. तिच्यावर दिसेल ते जिवाणू नव्हे.

इओसिनचं म्हणाल तर ऊतींचा छेद घेतलेला असतो, पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे रंग थेट आतल्या प्रथिनांपर्यंत पोचतो. त्यांच्यातले धनभारित अमिनो गट त्याला धरून ठेवतात. द्रावण किंचित आम्ल असलं की असे गट वाढतात, म्हणून इओसिनमध्ये थोडं असेटिक आम्ल घालतात. ‘आम्लधर्मी’ हे नाव रंगाच्या भारावरून आलंय, द्रावणाच्या आंबटपणावरून नाही. इथे बरेच जण घसरतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! रिकाम्या स्लाइडवरही ते मोठे ठिपके निघाले, म्हणजे तेलकटपणाच होता. नव्या स्लाइडवर करड्या पार्श्वभूमीत गोलाणू स्वच्छ दिसले. कडेला एक बारीक, मळसूत्रासारखा वळलेला पांढरा धागाही होता. कीटणात असा सापडतो तो स्पायरोकीटच (मळसूत्री जिवाणू) ना? उद्या सरांना दाखवण्याआधी खात्री करायची आहे.